उजव्या काठाचा हात

नागपूर, तांडापेठ
२ जुलै १९७३

ती. रूपराव दादास,
चंद्रभानचा नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. त्यावर नऊ ओळी आहेत. सात फरशीबद्दल, एक आईच्या गुडघ्यांबद्दल आणि एक पुष्पलताच्या साखरपुड्याबद्दल. मी मोजल्या. मोजायची माझी खोड तुला ठाऊक आहे. शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याने टाके मोजले नाहीत तर त्याने दुसरा धंदा पाहावा.

तुझ्या लेकीचं, पुष्पलताचं ठरलं, फार आनंद झाला. धरमपेठेचे पाहुणे दिवाळीनंतर आपल्या या घरी येऊ देत, त्यांची सरबराई आम्ही नवराबायको, मी आणि गोपिका, बघतो. पण तू लिहितोस, "समोरच्या खोलीतला मागाचा खड्डा बुजव आणि वर शहाबादी फरशी टाक. चांगली माणसं घरात पाऊल टाकतील आणि त्यांना पहिल्यांदा खड्डा दिसेल, हे मला चालायचं नाही."

दादा, त्या खड्ड्यात पाय सोडून बाबा चाळीस वर्षं बसले. उजवीकडे तू बसत होतास. तुम्हा दोघांचे तीन धोटे चालत आणि लुगड्याच्या दोन्ही काठांना सुताराच्या करवतीसारखे दात उमटत. १९५९ साली तू भिलाईला पोलादाच्या कारखान्यात गेलास, उजवी जागा रिकामी झाली आणि करवतीचा काठ आपल्या घरातून उठला. दोन वर्षांनी बाबाही गेले. तेव्हापासून खड्ड्यावर फळ्या आणि फळ्यांवर ट्रंका. यंदा होळीला मी फळ्या काढल्या आणि माग उभा केला. एवढाच माझा गुन्हा.

मी मागावर कधी बसलो नाही, हेही तू लिहिलंस. खरं आहे. सात वर्षांचा असताना मी धोट्याला डावा हात लावला, तर बाबांनी फणीचा दांडा पाठीत घातला आणि म्हणाले, "डेबऱ्या, पुन्हा इथं दिसला तर हात मोडीन." त्या दिवसापासून मी डावखुरा गल्लीचा डेबऱ्या झालो. तू त्याच नावाने कार्ड संपवलंस: "डेबऱ्याला जमण्यासारखं असतं तर बाबांनीच बसवलं नसतं का? एवढी खुमखुमी असेल तर दसऱ्यापर्यंत एक खरं करवतीचं लुगडं विणून दाखव. रामाजीकाकांनी हो म्हटलं पाहिजे. मग खड्डा ठेव, मी शब्द काढणार नाही."

मंजूर. तुझं कार्ड मी खिळ्याला टोचून ठेवलं आहे, म्हणजे उद्या तू फिरलास तर दाखवता येईल.

आईचे गुडघे बरे आहेत. तिचं ते करवतीचं लुगडं, बाबांच्या हातचं शेवटचं उरलेलं, पेटीत आहे. काळजी नसावी.

तुझा,
चंद्रभान

---

२६ जुलै १९७३

दादा,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मी कामाचं लिहितो.

कोसा रेशीम आणलं. काठाला लाल सूत. ताणा गोपिकेने आणि मी गल्लीत खुंट्या ठोकून पसरला, खळ दिली, वाळवला. इंचाला अठ्ठेचाळीस धागे धरले आहेत. करवतीचा एक दात बारा फेऱ्यांचा: काठाचा लाल धागा दर फेरीला दोन-दोन ताण्यांनी आत शिरतो, सहा फेऱ्या आत आणि सहा फेऱ्या बाहेर. हे मला कसं कळलं ते विचारू नकोस. कळलं, एवढं पुरे. मला कोणी काही शिकवलं नाही, तरी आज इतवारीतली बंद पडलेली मशीन माझ्याकडेच येते. पहिली मशीन मी शिकलो ती गोपिकेची. दोनशे अकरा भाग सुटे करून चादरीवर मांडले होते आणि ती दारात उभी राहून रडत होती. आठवड्याने तीच मशीन आधीपेक्षा हलकी चालायला लागली. वस्तू उघडल्याशिवाय तिच्या आतलं कळत नाही, हे माझं सारं शिक्षण.

रामाजीकाका रोज एक चक्कर टाकतात. बाबांच्या पिढीतले तेच एक उरले. डोळे गेले, पण काठावरून बोट फिरवून लुगडं कोणत्या घरचं ते सांगतात. काल दारात काठी टेकून म्हणाले,

"काय गा मशीनवाल्या, या खड्ड्यात मशीन बसवतं काय?"

"नाही काका, मीच बसून राहिलो."

"उजव्या हातानं बसशीन का डेबऱ्या?"

"ज्या हातानं बसतो तो बसतो. तुम्ही काठ पाहा."

"काठ पाहाले काठ तर निघू दे लेका," म्हणाले आणि हसत गेले.

आता तुला एकच विचारतो. विचारायची वेळ आली हे मला आवडलेलं नाही. उजवीकडे बसून तू लाल धागा कोशाच्या धाग्याला अडकवायचास तो वरून की खालून? तीन अक्षरांचं उत्तर आहे. एका कार्डावर मावेल.

चंद्रभान

---

१३ ऑगस्ट १९७३

दादा,

या वेळी कार्ड नाही, बंद पाकीट. म्हणजे रामाजीकाकांच्या पुतण्याने भिलाईत तुझे कान भरलेच. तू लिहितोस, "बाबांच्या हातची एकच वस्तू राहिली होती, ती तू कुरतडलीस. घरात उंदीर पाळला असता तर बरं झालं असतं."

हो. मी आईचं लुगडं उसवलं. पहिल्या पत्रात 'पेटीत आहे' असं लिहिलं ते खोटं नव्हतं, पेटीतच होतं. किती उरलं होतं ते लिहिलं नाही.

आता सगळं सांगतो. एप्रिल महिन्यात एका दुपारी आई शेजारी गेली होती. नेसताना आत दडून जातो त्या टोकाकडून मी सुरुवात केली. दोन सुया, मशीनच्या कामाचं भिंग आणि वही. एक धागा काढायचा, तो कुठून आला आणि कुठे गेला ते लिहायचं, मग दुसरा. पहिल्या दिवशी दोन बोटं झालं. पुढे वीतभर. थांबायला हवं होतं, पण प्रत्येक दातापाशी वाटे की पुढच्यात काहीतरी वेगळं निघेल. आज मोजलं तर एक हात आणि चार बोटं गेलं आहे. माझ्या वहीची अडतीस पानं भरली आहेत.

आईला कळलं मे महिन्यात. मला वाटलं आता ताट फेकेल. तिने पेटी उघडली, उसवलेलं टोक हातात घेतलं आणि मला विचारलं,

"कोणता काठ सोडला? डावा का उजवा?"

मी म्हटलं, "डावा. दोन्ही सारखेच असतील."

"हाव, सारखेच," ती म्हणाली, आणि पेटी लावून टाकली. ना राग ना रडणं. मला तेव्हा हायसं वाटलं. आता लिहिताना ते थोडं खटकतं आहे.

पण तुझ्या रागाचं मला नवल वाटतं, दादा. लुगडं पेटीत हवं आणि माग घरात नको. सणाला पेटी उघडायची, आल्यागेल्याला हात लावू द्यायचा, 'आमच्या वडिलांच्या हातचं' म्हणून सांगायचं आणि पुन्हा डांबराच्या गोळ्या टाकून बंद करायचं. यात कोणाला काय विणता येतं? तू बाबांना पेटीत ठेवलंस आणि मी खड्ड्यात शोधतो आहे. दोघांपैकी कोणाला ते भेटतील ते दसऱ्याला कळेल.

वरून की खालून, ते तू अजून कळवलं नाहीस. एवढं मोठं पाकीट पाठवलंस आणि ती तीन अक्षरं तेवढी राहिली.

चंद्रभान

---

३१ ऑगस्ट १९७३

दादा,

पोळ्याची गडबड संपली. मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत गल्ली ओरडत होती, "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत!" मीही ओरडलो. माझी पीडा कोणती ते मला माहीत होतं.

डावा काठ जमला. बढाई मारत नाही, रामाजीकाकांनी बोट फिरवून बाबांचंच नाव घेतलं, "हा तर नत्थूचाच दात हाये गा!" मग त्यांचं बोट उजव्या काठावर गेलं आणि त्यांनी हात मागे घेतला.

"अन् हे काय हाये? करवत हाये का घासलेली फणी?"

उजवे दात बोथट येतात. दाताचं टोक निघायच्या जागी धागा सैल पडतो. मी वहीतली आकृती आरशात धरून उलटी केली, तशी विणली. बोथट. ताणा ओढून बांधला. बोथट. सूत बदललं, फणी बदलली. चार वेळा विणलं आणि चार वेळा उसवलं. मला वाटलं, एकट्याचे दोन हात दोन्ही काठांना पुरत नाहीत, म्हणून गोपिकेला उजवीकडे बसवलं. तिने पाय खाली सोडले तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. मी आईचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"गोपिके, उठ! उठ म्हणते ना वं! बाईनं मागाच्या खड्ड्यात पाय घालू नये. घर बुडते."

गोपिका बसल्या जागेवरून म्हणाली, "माय, घर तर असंही फरशीखाली बुडूनच राहिलं. पायानं काय व्हते?"

"मले शिकवू नको. कांड्या भर, ताणा लाव, खळ शिजव, सारं कर. खड्ड्यात नाही."

गोपिका उठली. रीत मोडली म्हणून एवढी घाबरलेली आई मी पाहिली नव्हती. रागावलेली पाहिली असती तर समजलो असतो.

दसऱ्याला पाच आठवडे आहेत. मी हे तुला लिहायला नको, पण खोटं लिहिणार नाही: काल मी फरशीवाल्याच्या दुकानापर्यंत जाऊन आलो. आत गेलो नाही.

चंद्रभान

---

१६ सप्टेंबर १९७३

दादा,

हे पत्र सावकाश वाच. एकटा असशील तेव्हा वाच.

गेल्या रविवारी दुपारी मी आईसमोर पेटी आणून ठेवली. म्हटलं, "माय, आता चोरून नाही. तुह्यासमोर. मले उजवा काठ उसवाचा हाये."

"उजव्याले हात लावू नको."

"काहून?"

"डाव्यासारखाच हाये म्हटलं ना तुले."

"नाही माय. डाव्यासारखा असता तर माहा काठ बोथट आला नसता."

ती भिंतीला टेकून बसली आणि तांदूळ निवडायला घेतले. मी भिंग लावलं. पहिल्याच दातात कळलं. डाव्या काठाला लाल धागा कोशाच्या धाग्यावरून जातो, उजव्याला खालून येतो, आणि प्रत्येक अडकवणीला एक बारीकसा जास्तीचा ताण आहे. त्या ताणानेच टोक निघतं. हे बाबांचं काम नाही. बाबांचा हात मी अडतीस पानं वाचला आहे. हा दुसऱ्या माणसाचा हात, आणि बाबांच्या हातापेक्षा बारीक.

मग मी जोड पाहिले. विणताना धागा तुटला की आपण चिमटीला राख लावून दोन टोकं पिळतो. डाव्या काठावर मला पाच जोड सापडले, पाचांचा पीळ उजव्या हाताचा. उजव्या काठावर सात सापडले. सातांचा पीळ उलटा. मी उठलो, मागावरचे माझे स्वतःचे जोड भिंगाखाली घेतले. माझा पीळ उलटा असतो, दादा. डेबऱ्या हाताचा पीळ उलटाच पडतो.

मी विचारलं, "माय, या लुगड्याले बाबांच्या उजवीकडे कोण बसलं होतं?"

"तुहा दादा."

"हे लुगडं एकोणतीस सालचं. तूच सांगतं ना, महापुराच्या आदल्या वर्षीचं म्हून. दादा तेव्हा सहा वर्षांचा होता."

"मंग देवानं विणलं असन."

मी लाल सुताचा एक धागा घेतला, मधोमध तोडला आणि दोन टोकं तिच्यापुढे धरली. "हा जोडून दे."

तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. चुलीतली राख चिमटीत घेतली. आणि डाव्या हाताने, दादा, डाव्या हाताने असा पीळ दिला की मला जोड दिसेना. आपली आई उजव्या हाताने जेवते, उजव्या हाताने हळदीकुंकू लावत होती, उजव्या हाताने आपल्याला मारत होती. सत्तेचाळीस वर्षं मी तिच्या पोटचा मुलगा आहे आणि ती डेबरी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

धागा तिच्या हातात तसाच राहिला. तिच्या लक्षात आलं.

मग तिने सांगितलं. बाबारावकाका बाबांच्या उजवीकडे बसत, ते त्या साली तापाने अंथरुणाला खिळले. विणायला घेतलेली लुगडी गिऱ्हाइकांना लग्नाच्या मुहूर्ताआधी द्यायची होती. दुपारी गल्ली निजली की बाबा दार लावून घेत आणि ही खड्ड्यात बसे. पुढे काका गेले आणि ही बसतच राहिली. आठ वर्षं. तू चौदाचा होईपर्यंत.

"लोकायले काय सांगत होते?"

"का पोरगा बसते म्हून. बाई बसते म्हटलं असतं तर कोण घेतलं असतं लुगडं? वाळीत टाकलं असतं."

"अन् मले मारलं ते?"

तिने चिमटीतली राख पदराला पुसली. "तुह्या बापाले तुहा राग नव्हता गा. तू धोट्याले डावा हात लावला अन् त्यायले घाम फुटला. तू बसला असता तं तुहे जोड अन् माहे जोड सारखे निघाले असते. जाणत्या माणसाच्या बोटाले कळलं असतं का ह्या घरात आधीचा डेबऱ्या कोण हाये. म्हून तुले काढलं. मले वाचवाले तुले काढलं."

चाळीस वर्षं मी समजत होतो की माझ्या हातात खोट आहे. दादा, तो हात घराण्याचा होता. अर्धं घराणं त्या हाताचं होतं.

आणि मग मी तिला विचारलं की दादाला कोणी शिकवलं. बाबा तर डावीकडे बसत. ती म्हणाली, "मीच शिकवलं त्याले. अन् सांगितलं, कोणाले सांगजो नको. त्यानं नाही सांगितलं. बायकोलेसुद्धा नाही. लय इमानी हाये माहा रूपा."

म्हणून तू वरून की खालून ते कळवलं नाहीस. म्हणून उसवायच्या नावाने एवढा पेटलास. मी तुला कायकाय लिहिलं! पेटीचा टोमणा मी मागे घेतो. खड्ड्याचा घेत नाही.

चंद्रभान

---

२९ सप्टेंबर १९७३

दादा,

तुझं कार्ड आलं, त्यावर एकच ओळ: "आईला आता त्रास देऊ नकोस." बघ, मी कोणाला त्रास देतो आहे की कोणी मला.

कार्ड मी तिला वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दार उघड."

"दार उघडंच हाये माय."

"पुरं उघड. दोन्ही पल्ले. मी आता बंद दारात नाही बसत."

आणि अडुसष्ट वर्षांची मैनाबाई नत्थूजी पदर खोचून खड्ड्यात उतरली. गुडघ्यांची काळजी करू नकोस, पाय खाली सोडून बसणं तिला जमिनीवर बसण्यापेक्षा सोपं जातं. मी डावीकडे, ती उजवीकडे. मधला धोटा माझ्याकडून तिच्याकडे आणि तिच्याकडून माझ्याकडे.

पहिल्या दिवशी चार बोटं झालं. मी दर फेरीला धागे मोजत होतो. ती कंटाळली.

"तू मोजतं लय, विणतं कमी."

"मोजलं नाही तर दात चुकन ना माय."

"दात चुकला तर कानाले कळते. फणी कशी वाजते ते ऐक." मी ऐकलं. खरंच कळतं. सहावी फेरी आली की आवाज घट्ट होतो. हे माझ्या अडतीस पानांत कुठेच नव्हतं. मी एकोणचाळिसावं पान लिहिलं आणि वर तिचं नाव टाकलं.

गल्लीतल्या बाया पहिल्या दिवशी दारातून डोकावल्या. दुसऱ्या दिवशी उंबरठ्यावर बसल्या. कुसुमताई म्हणाली, "माय, घर बुडते म्हणे ना वं बाई बसली तं?"

आई फणी ठोकत म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षं झाली, अजून बुडून राहिलं."

काय हशा पिकला! चौथ्या दिवशी तिने हाक मारली, "गोपिके, इकडे ये. पाह्य माह्या हाताकडे. उद्या मी नसन." गोपिका आता दुपारी दोन तास तिच्या जागी बसते. तिचा पीळ उजवा आहे, पण ताण बरोबर पडतो. आज पाच वार झालं.

चंद्रभान

---

६ ऑक्टोबर १९७३, दसरा

ती. दादास,
सोनं घेऊन साष्टांग नमस्कार. आपट्याची दोन पानं पाकिटात आहेत.

काल खंडेनवमीला मागाची पूजा केली आणि दुपारी साडेतीनला लुगडं मागावरून उतरवलं. नऊ वार पूर्ण. दोन्ही काठ मिळून दोन हजार पाचशे ब्याण्णव दात. एक दात चुकला आहे, सातव्या वारात, डाव्या काठावर. तो माझा आहे. आईने तो न पाहता सांगितला आणि मला उसवू दिला नाही. म्हणाली, "राहू दे. मंग लोकायले कळन का माणसानं विणलं."

रामाजीकाका आज सकाळी आले. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पटांगणात गाणं ऐकायला जमतात तशी माणसं जमली होती. मी लुगडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डावा काठ चाचपला, मान हलवली. "नत्थू." मग उजवा काठ. त्यांचं बोट पुढे गेलं, थांबलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. दादा, मी बाजूला उभा होतो. एवढा वेळ मी देवासमोरही उभा राहिलो नाही.

"हा हात मले माहीत हाये," ते म्हणाले. "तीसच्या पुराच्या आधीचा हात हाये. मी नत्थूले तवाच म्हटलं होतं, लेका, तुह्या सहा वर्षाच्या पोराले एवढा बारीक दात कसा येते? तो म्हणे, देवाची देणगी." त्यांनी आंधळे डोळे खोलीभर फिरवले. "कोण बसलं होतं, सांगा."

मी बोलणार होतो, पण आईने मला हाताने थांबवलं.

"मी बसली होती, भाऊजी. तवाबी अन् आताबी."

काकांनी काठी खाली ठेवली. लुगडं दोन्ही हातांत उचलून कपाळाला लावलं. "वयनी, एवढी वर्षं मी तुमच्या काठाले नत्थूचा काठ म्हणून राहिलो. आख्ख्या पेठेले तोच दात दाखवला, का बाबाहो, करवत अशी पाह्यजे. माफ करजा." आणि मग मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "खरी करवत हाये! दोन्ही काठ खरे!"

पुढचा गोंधळ मी लिहीत नाही, लिहिता येणार नाही. कोणीतरी ढोल आणला होता. गोपिकेने आईच्या दोन्ही हातांना कुंकू लावलं. मी पाहत होतो, आधी डाव्याला लावलं. आणि ज्या गल्लीने मला चाळीस वर्षं डेबऱ्या म्हटलं ती सगळी माणसं आज "डेबऱ्या, डेबऱ्या" करून माझ्या पाठीवर थापा मारत होती. त्या नावाने मला कोणी हाक मारली आणि माझी छाती फुगली, असं पहिल्यांदा झालं.

लुगडं पुष्पलतासाठी आहे. आईची एकच अट आहे, ते पेटीत ठेवायचं नाही. नेसायचं, धुवायचं, फाटेपर्यंत वापरायचं. फाटलं की दुसरं विणता येईल, आता विणणारे तीन आहेत. साखरपुड्याला नेसायचं की नाही ते पोरीला ठरवू दे. धरमपेठेच्या पाहुण्यांना काय सांगायचं तेही ठरवून ठेव, कारण गल्लीने सांगून टाकलेलंच आहे, आणि वराच्या आजीने म्हणे निरोप पाठवला आहे की विणकरीण बाईला भेटायचं आहे.

तू येशील तेव्हा मनात काही ठेवून येऊ नकोस. तू शब्द पाळलास म्हणून आई आज स्वतःच्या तोंडाने सांगू शकली. दुसऱ्या कोणाच्या तोंडून फुटलं असतं तर त्याला आजच्यासारखं मोल राहिलं नसतं. हे मी मनापासून लिहितो, आणि मी मनापासून कमी लिहितो.

राहता राहिला खड्डा. पैजेप्रमाणे मी जिंकलो, पण घर तुझंही आहे, मी अडून बसणार नाही. तुला अजूनही वाटत असेल तर येताना फरशीवाल्याला घेऊनच ये. मोजमाप मी देतो: सव्वाचार फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल. फक्त आधी आईला तिथून उठव. ढोल थांबायच्या आत तिने नवा ताणा मागवला, आणि हे पत्र लिहून होईपर्यंत ती खड्ड्यात जाऊन बसली आहे.

तुझा धाकटा भाऊ,
चंद्रभान